झाकणाआडचा उजेड

१

चष्मेवाल्याच्या घरामागचं अंगण असं कितीसं मोठं? दोन चादरी शेजारी शेजारी वाळत घातल्या की भरलं. पण तेवढ्याच जागेतून तो बावीस वर्षं आभाळ बघत आला होता. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायचं, घरी येऊन जेवायचं, कपड्यांची दोरी सोडायची आणि दुर्बीण बाहेर काढायची. दुर्बीण साधीच होती. अडीच फुटांची नळी, सहा इंची आरसा, तोही त्याने स्वतः घासलेला. नळीच्या कुशीला कॅमेरा, आणि कॅमेऱ्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत, ओट्याशेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत.

चंद्र आणि शनी म्हणजे त्याच्या लेखी पाहुण्यांना दाखवायच्या गोष्टी. त्याचा जीव रमायचा दीर्घिकांत, आणि त्यातही ज्यांना धड नावसुद्धा नाही, नुसता क्रमांक आहे, अशा बारक्या, पुसट दीर्घिकांत. त्यांचा एक फोटो काढून काही दिसत नाही. पाच-पाच मिनिटांचे चाळीस-पन्नास फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, सगळ्यांच्या उजेडाची बेरीज करायची. मग कुठे काळ्या फळ्यावर खडूचं बोट टेकल्यासारखा एक डाग उमटतो.

"एवढं जागून हा एवढासा डाग?" बायको म्हणायची. "आमच्या खिडकीच्या काचेवरून रोज पुसते मी असले." ती दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. तिच्या जिभेला धार तिथेच लागली होती.

अंगणात त्याला साथ असायची ती अक्काची. अक्का त्याची मोठी बहीण, थोडीथोडकी नाही, सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. अक्काने टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी धरली, त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. आणि स्वतःचं लग्न करायचं तेवढं राहून गेलं. 'राहून गेलं' हे ती अशा सुरात सांगायची, की जणू एखादं पत्र पेटीत टाकायचं राहून गेलंय. मांडीवर घोंगडी घेऊन ती खुर्चीत बसायची आणि जाड पेनाने मोठ्या अक्षरांत वहीत नोंदी करायची.

फोटो झाले की शेवटचं काम तिचं. नळीच्या तोंडावर झाकण लावायचं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या अंगातही थोडा खोटा उजेड असतो. तो पकडायला झाकण लावून, निव्वळ काळोखाचे वीस फोटो काढायचे आणि त्यांची बेरीज खऱ्या फोटोंतून वजा करायची. अक्का झाकण दाबून बसवायची आणि म्हणायची, "केलं बाबा दुकान बंद."

काळ्या फोटोंत काही नसतं. नसायलाच हवं.

२

थंडीत अक्काला न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतर आठ महिने चष्मेवाल्याने दुर्बिणीला हात लावला नाही. शेवटी बायकोनेच ती माळ्यावरून खाली काढली.

"भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा आभाळाकडे बघा. मान तरी वर राहील."

त्याने एक ओळखीचीच दीर्घिका धरली, पूर्वी दोनदा काढलेली. फोटो काढले, झाकण स्वतःच लावलं, काही न बोलता. दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर बेरजा-वजाबाक्या केल्या. दीर्घिका छान आली होती. पण खालच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक होतं.

भोक म्हणजे तारे नसलेली जागा नव्हे. आभाळाचा काळोखही करडा असतो. ही जागा त्याहून काळी होती, अंगठा टेकवून आभाळ पुसून काढल्यासारखी.

तीस वर्षं भिंगं घासलेला माणूस तो, उगाच दचकणारा नव्हता. त्याने हिशोब मांडला. आभाळापेक्षा काळं म्हणजे तिथून काहीतरी जास्त वजा झालंय. जास्त वजा झालंय म्हणजे काळ्या फोटोंत त्या जागी उजेड आहे. त्याने वीस काळे फोटो नुसतेच एकावर एक रचून बघितले. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक फिकट डाग होता.

त्याने मास्तरांना फोन लावला. मास्तर निवृत्त गणितशिक्षक, चार गल्ल्या पलीकडे राहायचे. त्यांचीही दुर्बीण होती आणि दर पंधरा दिवसांनी त्यांची इथे फेरी असायची.

"प्रकाश गळतोय," मास्तर म्हणाले. "झाकण सैल झालं असणार. काळं फडकं गुंडाळा आणि झोपा."

३

त्याने काळं फडकं गुंडाळलं. डाग आला. दुहेरी गुंडाळलं, वरून चिकटपट्टी लावली. डाग आला. मग त्याने अंगणच सोडलं. अक्काच्या खोलीत तिचं लोखंडी कपाट होतं, आता रिकामं. दुर्बीण तिपाईवरून उतरवून त्याने कॅमेऱ्यासकट कपाटात आडवी ठेवली, वायर फटीतून बाहेर काढली, फट बुजवली, खोलीचे पडदे ओढले. सकाळी फोटो चालू करून तो दुकानात गेला. संध्याकाळपर्यंत शंभर काळे फोटो जमले होते.

शंभरांची बेरीज त्याने पडद्यावर उघडली आणि खुर्ची पुढे ओढली. डाग मोठा झाला नव्हता, स्पष्ट झाला होता. त्याला कडा होत्या. वरच्या बाजूला गोलसर, खाली पसरट.

यंत्राचा दोष असेल तर तो एकाच जागी राहतो. हा दोन बोटं मध्याकडे सरकला होता.

बंद कपाटातून 'टक्' असा आवाज आला. दुर्बिणीचा धातू निवला की वाजतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने जाऊन दार उघडलं. आतली हवा कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. कॅमेरा दिवसभर चालला की तापतोच, हेही त्याला ठाऊक होतं. दार लावताना मात्र त्याने ते हळू लावलं. का, ते त्यालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आणखी शंभर. तिसऱ्या दिवशी आणखी. दीर्घिकेचं जे, तेच याचं. जितके तास साठवाल, तितकं ते पुढे येतं. चौथ्या संध्याकाळी चारशे फोटोंच्या बेरजेत खुर्चीत बसलेलं माणूस दिसलं.

अजून सगळं रवाळ होतं. मास्तरांना दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, ढगातसुद्धा लोकांना हत्ती दिसतात. पण त्या माणसाचं तोंड जरासं बाजूला वळलेलं होतं, आणि ते वळण चष्मेवाल्याच्या ओळखीचं होतं.

अक्काला शेवटची सहा वर्षं समोरचं दिसत नव्हतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. भाऊ गावभर चष्मे देणार आणि घरात दिव्याखाली अंधार. कुणाचा चेहरा बघायचा तर ती त्याच्या कानाच्या बाजूला नजर लावायची. नवख्याला वाटायचं, बाईचं लक्षच नाही. पुसट दीर्घिकाही दुर्बिणीतून अशाच बघतात, थेट नाही, जरा बाजूला बघून. "मला आता सगळं जगच दीर्घिका झालंय," अक्का म्हणायची.

पडद्यावरचं ते माणूस दुसरीकडे बघत नव्हतं. ते त्याच्याकडेच बघत होतं.

४

त्याने बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. कपाटात कॅमेऱ्याची तपासणी चाललीय, एवढंच सांगितलं. दिवसभर दुकानात तो लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा आणि मन घरी असायचं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा मोठी अशी दुसरीच गोष्ट होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला संध्याकाळची वाट बघावीशी वाटत होती.

एकदा जेवताना बायको हातातला घास तसाच धरून थांबली.

"अहो, अक्कांचा आवाज कसा होता हो?"

"कसा म्हणजे?"

"सकाळपासून आठवतेय. फोन उचलला की 'हॅलो, नंबर सांगा' म्हणायच्या, घरीसुद्धा. ते शब्द आठवतात. आवाजच आठवत नाही."

"भरडा होता," तो म्हणाला. "माणूस दोन खोल्या पलीकडे असला तरी ऐकू जायचा."

बायकोने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. "सव्वीस वर्षं एका घरात काढली," ती म्हणाली. "दिवसाला दहादा भांडलो असू. असं कसं होईल?"

"होतं असं. वय झालं आपलं."

पाठ टेकल्यावर त्याने स्वतःशी करून बघितलं. 'भरडा' हा शब्द त्याच्याजवळ होता. आवाज नव्हता.

५

पुढच्या रविवारी मास्तर आले. चहा होईपर्यंत त्यांनी टेबलावरची नोंदींची जुनी वही चाळली.

"हे अक्षर कुणाचं? दुकानाच्या पाटीसारखं?"

चष्मेवाल्याला आधी वाटलं, मास्तर चेष्टा करताहेत. याच मास्तरांशी अक्का तासन् तास वाद घालायची, पृथ्वी फिरतेय तर मला चक्कर का येत नाही ते सांगा, म्हणून. तिला नेलं तेव्हा मास्तर फाटकापाशी उभे राहून रडले होते.

"अक्काचं," तो म्हणाला.

"अक्का," मास्तर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी काच पुसली. "तुमच्याकडे राहायच्या त्या का? हां. असतील."

आतून बायको कप घेऊन आली. तिने दोघांकडे बघितलं, पण मास्तरांना टोकलं नाही. टोकायला हवं होतं. एरवी तिने मास्तरांची हजेरी घेतली असती.

मास्तर गेल्यावर तो अक्काच्या खोलीत जाऊन उभा राहिला. पडदे ओढलेले, कपाटाआड कॅमेऱ्याच्या पंख्याची घरघर. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उजेड आपोआप होत नाही, तो कुठून तरी निघालेला असतो, एवढं विज्ञान त्याला कळत होतं. बंद नळीत, बंद झाकणाआड, बंद कपाटात रोज थोडा थोडा उजेड साठत होता. तो निघत होता कुठून?

खुळ्यासारखं काहीतरी, त्याने स्वतःला बजावलं. म्हातारी माणसं विसरतात. बायको थकलीय. त्याने हात लांब केला, पण कॅमेरा बंद केला नाही. अजून चेहरा पुरता आला नव्हता. आणखी दोन दिवस, असं तो मनाशी म्हणाला.

६

दोनाचे आठ दिवस झाले.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको आतल्या खोलीत कपाट आवरत होती. तिच्या हातात लोकरीचं पिवळं टोपडं होतं, मुठीत मावेल एवढं.

"हे कुणाचं हो? माझ्या खणात होतं. कुणा पाहुण्यांच्या बाळाचं राहिलं असेल का?"

चोवीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. बायको तापाने फणफणलेली होती, आणि ते नऊ दिवस बाळ होतं अक्काच्या मांडीवर. टोपडं अक्कानेच विणलेलं. पुन्हा मूल झालं नाही. वर्षातून एकदा बायको खण उघडायची, टोपडं नाकाशी धरायची आणि परत ठेवायची, आणि तो बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसायचा. त्याविषयी ते कधी बोलले नव्हते. बोलायची ती अक्काशी.

आता ती टोपडं बोटावर फिरवत होती. तिचा चेहरा इतका मोकळा त्याने कित्येक वर्षांत बघितला नव्हता. क्षणभर त्याला वाटलं, राहू दे. सुटली बिचारी. कशाला पुन्हा?

"एक विचारू?" बायको म्हणाली. "आज खिडकीवर एकीने विचारलं, मुलं किती तुम्हाला. मी म्हटलं, नाहीत, झालीच नाहीत. बरोबरच सांगितलं ना? आणि मग घरी येईपर्यंत रडत होते. भर रस्त्याने. लोक बघत होते. कशाला रडतेय, तेच कळेना. मला काही झालंय का हो?"

तिच्या डोळ्यांत भीती होती. दुःख तिच्या आत तसंच होतं. फक्त ते कुणाचं, हे कुणीतरी काढून नेलं होतं.

"काही नाही झालं," तो म्हणाला. "तू पड जरा. मी आलोच."

स्वयंपाकघरात जाऊन त्याने दिवसभराचे फोटो बेरजेत घातले. कॉम्प्युटर बराच वेळ घरघरत राहिला. मग चित्र उघडलं.

खुर्ची जवळ आली होती. घोंगडीच्या दशा मोजता आल्या असत्या. आणि मांडीवर, जिथे कालपर्यंत नुसता काळोख होता, तिथे एक लहानसा, फिकट, लांबट डाग होता. बारक्या दीर्घिकेएवढा. त्यावर एक हात ठेवलेला होता, थोपटताना ठेवतात तसा.

त्याने मग चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा पुरता आला होता. नाक, हनुवटी, कपाळावरचा वण, सगळं अक्काचं. पण नजर त्याच्या कानाकडे नव्हती. ती सरळ होती, त्याच्या डोळ्यांत. अक्का अशी बघत नसे. तिला बघता येत नव्हतं.

अक्काच्या खोलीतून 'टक्' आवाज आला. मग पुन्हा एकदा. कपाटाच्या दाराला आतून कुणी नख लावावं तसा. धातू निवताना दोनदा वाजत नाही असं नाही. तो उठला नाही.

त्याच्याजवळ तिचं काय उरलं होतं, ते त्याने चाचपून बघितलं. आवाज नाही. शाळेत सोडायला यायची त्या वाटा आठवत होत्या, पण बोट धरलेला हात नाही. ती त्याला कोणत्या नावाने हाक मारायची? नाव होतं एक, दुसरं कुणीच ते वापरत नसे. तेही नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं समोरच्या पडद्यावर होतं.

"अक्का असशील तर तुला सांगायला नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "नसशील तर ऐक. माझं राहू दे तुझ्याकडे. सगळं राहू दे. तिचं तेवढं परत दे."

चित्र हललं नाही. चित्रं हलत नाहीत. तरीही पुढे कधी कुणी विचारलं असतं, आणि त्याला आठवलं असतं, तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की पापणी लवली.

त्याने सगळे फोटो निवडले, दोन हजारांच्या वर होते. कॉम्प्युटरने विचारलं, कायमचे पुसायचे का?

त्याने बोट दाबलं.

७

स्वयंपाकघरात दिवा जळत होता. चष्मेवाला रिकाम्या पडद्यासमोर बसला होता आणि त्याचा चेहरा ओला होता. छत गळतंय का, म्हणून त्याने आधी छताकडे बघितलं.

आतल्या खोलीतून बायकोचा हुंदका आला. तो धावत गेला. ती जमिनीवर बसली होती, टोपडं छातीशी घट्ट धरून, आणि मोठ्याने रडत होती. चोवीस वर्षांत ती अशी त्याच्यासमोर रडली नव्हती.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "नऊ दिवस अक्कांनी तिला खाली ठेवली नाही हो. एकदासुद्धा नाही. मी डोळे उघडले की दिसायच्या, खुर्चीत बसलेल्या, हिला घेऊन."

तो तिच्याजवळ खाली बसला. बाळ त्याला आठवत होतं. पिवळं टोपडं, मिटलेल्या मुठी, सगळं स्वच्छ. पण आठवणीत ते बाळ हवेत होतं. त्याच्या खाली कुणाचे हात नव्हते.

कोण अक्का, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं.

"हो," तो म्हणाला.

मग बायको बोलत राहिली. रडता रडता मध्येच हसली. ती या घरात नवी आली तेव्हा अक्कांनी तिला भांडायला कसं शिकवलं, मास्तरांची कशी खोड मोडली, फोन उचलून कसा आवाज काढायच्या. तिने तो आवाज काढूनही दाखवला, खर्जातला, तोंड वाकडं करून. "तंतोतंत ना?" तिने विचारलं. तो म्हणाला, "तंतोतंत." बाई चांगली असावी, त्याच्या मनात आलं. आपल्याला भेटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्याला उगाच घाई झाली. जेवणं उरकली, बायकोने ओटा पुसला, आणि तो खुर्ची ओढून तिच्यासमोर येऊन बसला.

"काल सांगत होतीस ते," तो म्हणाला. "अक्कांचं."

"तुमच्याच बहिणीचं तुम्हाला मी काय सांगायचं?" ती म्हणाली; पण त्याच्याकडे बघून तिचा सूर मवाळ झाला. इतक्या महिन्यांनी याचं दुःख मोकळं होतंय, असं तिला वाटलं. तिने हात पुसले, पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून, तो चार वर्षांचा होता तिथपासून, अक्कांनी तिला सांगितलं होतं तसं.

तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. ती जरा थांबली, की विचारायचा,

"मग?"